रिस्टार्ट केल्यावर चालतो, उद्या परत अडकतो: नेमकं काय बघायचं

"भाऊ, परत अडाकलो."

जुलै महिन्यात सकाळी नऊ-साडेनऊला फोन वाजला की पलीकडून पहिलं वाक्य हेच येतं. मालवणच्या आसपास गेली वीसेक वर्षं मी कॉम्प्युटर दुरुस्तीची कामं करतो. दुकानं, पतसंस्था, शाळा, आंबा बागायतदारांची ऑफिसं, सातबारा काढून देणारी सेवा केंद्रं, सगळीकडे माझा प्रश्न ठरलेला: "बंद करून चालू केलंस?" आणि उत्तरही ठरलेलं: "केलंय. चालू झालो. पण कालय तसाच केललंय."

त्या 'कालय'साठी, म्हणजे 'कालही'साठी, हे लिहितोय. एकदा अडकलेला कॉम्प्युटर रिस्टार्टने सुटला तर विषय संपला, चहा प्या. रोज तेच करावं लागत असेल तर मात्र ती दुरुस्ती नव्हे, तो उतारा. नारळ ओवाळून तिठ्यावर ठेवला, पोराला बरं वाटलं, ताप कशाचा होता ते कोणी बघितलंच नाही.

रिस्टार्टने बरं का वाटतं

"तुम्हां लोकांना बंद-चालू सोडून काय येतं?" असं मला तोंडावर ऐकवणारे आहेत. ऐकून घेतो, कारण दहातल्या सहा-सात वेळा खरंच तेवढ्याने भागतं, आणि त्याला कारण आहे.

गणपतीत ज्या घरी मोठी पातेली असतात, त्या घरून वाडीतले सगळे भांडी नेतात. कोणी आरतीच्या प्रसादासाठी, कोणी ऋषिपंचमीच्या भाजीसाठी. नेलेलं परत आणून देणारे असतात, तसे विसरणारेही असतात. गौरी जाईपर्यंत त्या घरच्या बाईकडे स्वतःचा भात शिजवायला टोप उरत नाही. कॉम्प्युटरच्या रॅमचं हेच होतं. प्रत्येक प्रोग्राम काम करायला थोडी जागा मागून घेतो, काम झाल्यावर परत द्यायची असते. नीट न लिहिलेला प्रोग्राम ती देत नाही. सकाळी दोन जीबी मोकळी असलेली रॅम दुपारी शंभर-दोनशे एमबीवर येते आणि माऊस हलवला तरी मशीन विचार करत बसतं. रिस्टार्ट म्हणजे सगळ्या वाडीतून एका फटक्यात भांडी परत. प्रिंटरचा ड्रायव्हर, म्हणजे विंडोज आणि प्रिंटर यांच्यात दुभाष्याचं काम करणारा प्रोग्राम, कुठेतरी घुटमळत असेल, वायफायची चिप बधिर झाली असेल, तर तेही पहिल्यापासून, ठरलेल्या क्रमाने सुरू होतं. पण भांडी न देणारा शेजारी तोच आहे आणि उद्या सकाळी तो परत दारात उभा राहणार.

हे फक्त आपल्या गावच्या जुन्या मशीनचं दुखणं आहे असं समजू नका. विंडोज ९५ आणि ९८ मध्ये मिलिसेकंद मोजणारा एक आकडा होता, तो ४९.७ दिवसांनी भरून जायचा आणि मशीन गोठायचं. आमच्याकडे तो दोष कधी कोणाला दिसलाच नाही. सलग ४९ दिवस लाईट राहिली तर दिसणार ना! बोइंग ७८७ विमानाचे जनरेटर सांभाळणारे कंट्रोल युनिट सलग २४८ दिवस चालू राहिले तर एकदम बंद पडू शकतात, म्हणून ते अधूनमधून पूर्ण बंद करून चालू करा, असा आदेश अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने २०१५ मध्ये काढला होता. म्हणजे विमानालाही "बंद करून चालू केलंस?"

यातलं सगळ्यात वाईट उदाहरण १९९१ च्या आखाती युद्धातलं. शत्रूची क्षेपणास्त्रं हवेतच पाडणारी अमेरिकेची पॅट्रियट यंत्रणा वेळ सेकंदाच्या दहाव्या भागात मोजायची, आणि ०.१ हा आकडा कॉम्प्युटरच्या शून्य-एकच्या भाषेत पुरा बसत नाही, शेपटी कापावी लागते. ती कापलेली शेपटी साठत जायची. सौदी अरेबियात धाहरान इथली पॅट्रियट यंत्रणा १०० तासांहून जास्त सलग चालू होती आणि तिचं घड्याळ सुमारे ०.३४ सेकंदाने चुकलं होतं. येणारं इराकचं स्कड क्षेपणास्त्र तेवढ्या वेळात अर्ध्या किलोमीटरच्या वर पुढे जातं, म्हणून यंत्रणेला ते सापडलंच नाही. २५ फेब्रुवारीला ते अमेरिकी सैनिकांच्या बराकीवर पडलं, २८ सैनिक गेले. फार वेळ सलग चालवू नका, असा निरोप आधीच गेला होता. 'फार' म्हणजे किती तास, ते मात्र निरोपात नव्हतं. दुरुस्त केलेलं सॉफ्टवेअर तिथे पोचलं ते दुसऱ्या दिवशी.

तो न सांगितलेला आकडा माझ्या डोक्यात बसलाय. म्हणून मी गिऱ्हाइकाला आता "अधूनमधून रिस्टार्ट करा" असं सांगत नाही. किती वेळाने करावं लागतंय ते लिहून ठेवा, असं सांगतो. वहीचं पुढे येईलच.

आधी हे बघा: तुमचं 'शट डाउन' खरंच बंद होतं का

एका किराणा दुकानातले काका माझ्यावर वैतागले होते. "रोज रात्री शट डाउन करतंय, सकाळी चालू करतंय, तुझा रिस्टार्ट आनी काय वेगळा असता?" मी टास्क मॅनेजर उघडला (कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबायचं), परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर क्लिक केलं. खाली 'अप टाइम', म्हणजे पूर्ण बंद न होता मशीन किती वेळ चालू आहे, असं लिहिलेलं असतं, पहिला आकडा दिवसांचा. तिथे २३ होता. काका चष्मा पुसून परत बघायला लागले.

काका खोटं बोलत नव्हते. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आली. शट डाउन दाबलं की तुमचे उघडे प्रोग्राम बंद होतात, पण विंडोजचा आतला गाभा, ड्रायव्हरसकट, जसाच्या तसा एका फाईलमध्ये हार्ड डिस्कवर लिहून ठेवला जातो. सकाळी बटण दाबलं की तीच फाईल उचलून पुढे चालू. मशीन लवकर सुरू होतं हे खरं, पण काल रात्रीचा अडकलेला ड्रायव्हर आज सकाळी तसाच अडकलेला उठतो. 'रिस्टार्ट' दाबल्यावर मात्र हे होत नाही, तिथे सगळं पहिल्यापासून येतं. आपल्याला वाटतं उलटं, की शट डाउन म्हणजे पक्कं बंद आणि रिस्टार्ट म्हणजे अर्धवट.

बंद करायचं असेल तर कंट्रोल पॅनेल, त्यात पॉवर ऑप्शन्स, डाव्या हाताला 'चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू', तिथे वर 'चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल' वर क्लिक केलं की खालच्या चौकोनांवर हात चालतो. 'टर्न ऑन फास्ट स्टार्टअप' समोरची खूण काढा, सेव्ह करा. एखाद्या दिवसापुरतंच हवं असेल तर शिफ्ट दाबून धरून शट डाउनवर क्लिक करा, तेही पूर्ण बंद होतं. ज्यांच्याकडे जुनी हार्ड डिस्क आहे त्यांना सकाळी अर्धा-एक मिनिट जास्त थांबावं लागेल. काकांनी तेवढ्यात उदबत्ती लावून घ्यायची असं ठरवलं आणि त्यांचं बिलिंगचं दुखणं, बारकोड मशीन मधेच मुकं होण्याचं, तिथेच थांबलं. मी फी घेतली नाही, त्यांनी कोकमाची बाटली दिली.

आता वही

काऊंटरवरची कुठलीही वही चालेल. रिस्टार्ट करावं लागलं की चार गोष्टी लिहा: तारीख आणि वेळ, त्या क्षणी काय करत होता, स्क्रीनवर काय दिसलं (मशीन कोसळून चुकीचा कोड दाखवणारा निळा पडदा आला तर मोबाईलने फोटो), आणि लाईट-पाऊस कसा होता. शेवटची गोष्ट ऐकून लोक हसतात. पुण्यातला माझा एक मित्र तर म्हणाला, कॉम्प्युटरच्या नोंदीत पाऊस कशाला? त्याला म्हटलं, जुलैत ये.

कॉम्प्युटर स्वतःही अशी वही ठेवतो, ते फार थोड्यांना माहीत असतं. स्टार्टमध्ये 'रिलायबिलिटी' टाईप केलं की 'व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी' येतं. दिवसागणिक तक्ता असतो, ज्या दिवशी काही कोसळलं तिथे लाल फुली. फुलीवर क्लिक करा, कुठला प्रोग्राम पडला ते नावासकट लिहिलेलं असतं. दर वेळी एकच नाव दिसलं तर तोच शेजारी भांडी न देणारा. त्याला अपडेट करा नाहीतर काढून टाका. दर वेळी वेगळंच नाव, वेगळाच कोड दिसला तर मात्र सॉफ्टवेअरवरची नजर काढा आणि डब्याकडे वळा.

सेवा केंद्रातल्या वहिनींचा सकाळचा आजार

वहिनी एक सेवा केंद्र चालवतात, दाखले, सातबारा, पीक विम्याचे अर्ज. किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर, मागच्या खिडकीतून माडांतून समुद्र दिसतो. जून संपता संपता त्यांचा फोन सुरू झाला. सकाळी मशीन चालू केलं की दहा मिनिटांत निळा पडदा. रिस्टार्ट. परत पंधरा मिनिटांनी. रिस्टार्ट. तिसऱ्या रिस्टार्टनंतर मात्र संध्याकाळपर्यंत गुण्यागोविंदाने चालतो. त्यांचा निष्कर्ष पक्का होता: "ह्याका तीनदा रिस्टार्ट लागता."

मी दोनदा जाऊन आलो. दोन्ही वेळा दुपारी चारला, कारण माझी फेरी तशी असते. मशीन ठणठणीत. विंडोजमधली मेमरीची तपासणी लावली, एकही चूक नाही. विंडोज नवीन टाकून बघितलं, तेही वाया गेलं. हे मी आता कबूल करतो. तीन तास आणि वहिनींचे दोन अर्जदार माझ्यापायी ताटकळले.

मग वही वाचली. आठ दिवसांच्या नोंदी होत्या: ९.१०, ९.२५, ९.४०. पुढच्या दिवशी ९.१२, ९.३०. सोमवारी चार नोंदी, म्हणजे रविवारची सुट्टी झाली की जास्त. एका दिवशी शून्य, आणि त्या नोंदीपुढे वहिनींनी लिहिलेलं: "काल रात्री बंद करायला विसरले." आणि पडद्यावरचे कोड फोटोंमध्ये दर वेळी निराळे.

मग सोमवारी सकाळी पावणेनऊला, दाराचं कुलूप काढायच्या आधीच जाऊन उभा राहिलो. आत शिरल्या शिरल्या वास आला, पावसाळ्यात गाद्यांना येतो तो. सीपीयूचा डबा खाली जमिनीवर, भिंतीला टेकवून, आणि त्याच्यावर छान प्लास्टिकचं कव्हर. वहिनी रोज रात्री काळजीने घालायच्या, धूळ बसू नये म्हणून. कव्हर काढलं तर आतल्या बाजूने बारीक थेंब. मेमरीची तपासणी थंड मशीनवर लावली आणि चार मिनिटांत लाल अक्षरं.

डबा उघडला. मागच्या स्क्रूंना तांबूस गंज, पालीची लेंडी, आणि रॅमची पट्टी काढून उजेडात धरली तर सोनेरी दातांवर करडी साय धरलेली, दोन ठिकाणी हिरवट ठिपके. ते दात सोन्याचे दिसतात पण मुलामा अगदी पातळ असतो. कुठे झिजला की खालचा धातू आपले रंग दाखवतो.

मीठ ही आपल्याकडची खरी गोष्ट आहे. जुलैत मिठाच्या बरणीला पाणी सुटतं ना? हवेतला दमटपणा साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेला की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतः विरघळायला लागतं, आणि आपल्या किनाऱ्यावर पावसाळाभर दमटपणा त्याच्या वरच असतो. वाऱ्याबरोबर येणारं बारीक मीठ मदरबोर्डावर, म्हणजे डब्यातल्या मुख्य सर्किटवर, बसतं, रात्री मशीन थंड पडलं की त्याला पाणी सुटतं, आणि खाऱ्या पाण्यातून वीज वाहते. सकाळी मशीन चालू केलं की आत गरम होतं, अर्ध्या-पाऊण तासात ओल उडून जाते, आणि मशीन शहाण्यासारखं वागायला लागतं.

म्हणजे मशीनला तीन रिस्टार्ट लागतच नव्हते. त्याला चाळीस मिनिटांची ऊब लागत होती. रिस्टार्ट करता करता ती मिळायची, आणि श्रेय रिस्टार्टला जायचं.

केलं ते सांगतो, घरी जमण्यासारखं आहे. प्लग भिंतीतून काढायचा, नुसता स्विच बंद नव्हे. पॉवर बटण पाच-दहा सेकंद दाबून धरायचं म्हणजे आत साठलेली वीज निघून जाते. डब्याच्या उघड्या धातूला हात लावायचा, म्हणजे आपल्या अंगातली स्थिर वीज उतरते. रॅमच्या दोन्ही टोकांच्या खिट्ट्या बाहेर ढकलल्या की पट्टी वर येते. तिला कडेने धरा. शाळेचा पांढरा खोडरबर घ्या, शाई खोडायचा निळा खरखरीत नको, तो मुलामाच खरवडतो. दातांवरून हलक्या हाताने एका दिशेने घासा, दोन्ही बाजूंनी. चुरा मशीनपासून लांब झटका. खाच रंगाच्या कोरड्या मऊ ब्रशने साफ करा. तोंडाने फुंकू नका, थुंकीचे तुषार उडतात आणि आपण ओल काढायला बसलोय. आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळालं तर त्याने पुसून घ्या. अत्तर, सॅनिटायझर वगैरे चालवू नका. पट्टी परत बसवताना दोन्हीकडून 'टक्' आवाज आला पाहिजे. एकाच बाजूने आला आणि तुम्ही डबा लावून टाकलात, तर स्क्रीनवर काही येणार नाही, नुसतं बीप बीप.

हे झालं तात्पुरतं. दुखणं परत येऊ नये म्हणून डबा जमिनीवरून उचलून लाकडी पाटावर ठेवला, भिंतीपासून वीतभर पुढे ओढला, आणि प्लास्टिकचं कव्हर काढून टाकलं. कव्हर घालायचंच तर सुती कापडाचं, तेही मशीन पूर्ण थंड झाल्यावर. टेबलाच्या खालच्या कप्प्यात, डब्याच्या शेजारी, पंधरा वॅटचा साधा पिवळा बल्ब रात्रभर. ही युक्ती माझी नाही. आमच्याकडे फोटो स्टुडिओवाले लेन्सला बुरशी येऊ नये म्हणून कपाटात असाच बल्ब ठेवायचे. एलईडी बल्ब लावून काही उपयोग नाही, तो पुरेसा तापत नाही. बल्बला कापड किंवा कागद टेकणार नाही एवढं बघा.

दुसरा संशयित: लाईट

मशीन अडकत नाही, एकदम बंद होऊन आपलं आपण चालू होतं, असं असेल तर ओलीच्या मागे जाऊ नका. 'इव्हेंट व्ह्यूअर' उघडा, विंडोज लॉग्जमध्ये सिस्टम. तिथे 'कर्नल पॉवर' आणि समोर ४१ हा आकडा सारखा दिसला तर अर्थ एवढाच, की मशीन रीतसर बंद न होता गेलं. त्यावरून कारण कळत नाही, पण वेळ कळते, आणि वेळ फार बोलते.

एका मासळी व्यापाऱ्याकडे ४१ च्या सगळ्या नोंदी पहाटे पाचच्या आगेमागे आणि दुपारी तीनच्या. शेजारी बर्फाचा कारखाना, कॉम्प्रेसर सुरू व्हायच्या त्या वेळा. मोठी मोटर सुरू होताना क्षणभर व्होल्टेज खाली ओढते, दिवे मिणमिणतात. यूपीएस होता की, पण नुसता नावाला. या छोट्या यूपीएसमधली १२ व्होल्टची बॅटरी दोन-तीन वर्षांत म्हातारी होते आणि आपल्याला कळतही नाही, कारण हिरवा दिवा चालूच असतो. तपासायला सोपं: सगळं सेव्ह करा, कॉम्प्युटर रीतसर बंद करा, यूपीएसला कॉम्प्युटरऐवजी एक टेबल लॅम्प जोडा आणि यूपीएसचा प्लग भिंतीतून उपटा. दिवा पाच-दहा मिनिटं टिकला तर ठीक. लगेच गेला तर बॅटरी बदला. त्या व्यापाऱ्याने मासेमारी बंदीच्या काळात, म्हणजे जून-जुलैत बोटी किनाऱ्याला असताना, "आता बरा चालता" म्हणून बॅटरी टाळली. साहजिक आहे, बर्फाला गिऱ्हाईकच नव्हतं तेव्हा. नारळी पौर्णिमेनंतर परत फोन.

अर्थिंगही बघून घ्या. आपली जमीन जांभ्याची, पाणी धरत नाही. एप्रिल-मेमध्ये अर्थिंगचा खड्डा खडखडीत कोरडा होतो आणि डब्याला हात लावला की झिणझिण्या येतात. इलेक्ट्रिशियनला न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात मीटर लावायला सांगा. दोन-तीन व्होल्टच्या आत असेल तर छान, दहा-पंधरा दिसत असतील तर त्याला तिथेच धरून ठेवा. उन्हाळ्यात खड्ड्यात आठवड्याला दोन-चार बादल्या पाणी ओतलं तरी फरक पडतो.

बारीकसारीक, ज्याला पूर्ण रिस्टार्ट लागत नाही

प्रिंटर. रांग लागलीय, प्रिंट अडकली, 'डिलीटिंग' लिहून तासभर तसाच. मशीन रिस्टार्ट केलं तरी तीच प्रिंट पुन्हा बसलेली असते, कारण ती रॅममध्ये नसून डिस्कवर असते. 'सर्व्हिसेस' उघडा, 'प्रिंट स्पूलर' (प्रिंटची रांग सांभाळणारा) शोधा, उजवं क्लिक करून स्टॉप. मग सी ड्राइव्हमध्ये विंडोज, सिस्टम ३२, स्पूल, प्रिंटर्स या फोल्डरात जा आणि आतल्या फाईली काढा. फोल्डर नको, फक्त आतल्या फाईली. परत स्पूलर स्टार्ट. दीड मिनिटाचं काम.

स्क्रीन काळी झाली पण आवाज येतोय? विंडोजची कळ, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकत्र दाबा. स्क्रीन एकदा लुकलुकते आणि फक्त ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो, तुमचा अर्धा भरलेला फॉर्म जागेवर राहतो. खालची पट्टी गोठली असेल तर टास्क मॅनेजरमध्ये 'विंडोज एक्सप्लोरर' वर उजवं क्लिक करून रिस्टार्ट.

तारीख रोज सकाळी मागच्या कुठल्या तरी सालात जाते आणि प्रत्येक वेबसाइट 'सुरक्षित नाही' म्हणते? मदरबोर्डावरचा सीआर २०३२ नावाचा तीन व्होल्टचा गोल सेल संपलाय. किती का रिस्टार्ट करा. सेल बदला.

नेट. राउटर बंद करून तीस सेकंद मोजा, मग चालू करा. लगेच चालू केलात तर आतल्या कपॅसिटरमध्ये उरलेल्या विजेवर तो तसाच जागा राहू शकतो. फायबरचा वेगळा डबा असेल तर आधी तो, त्याचे दिवे स्थिर झाले की राउटर. पण त्याआधी मोबाईलच्या डेटावर तीच साइट उघडून बघा. तिथेही उघडत नसेल तर दोष त्या साइटचा आहे, तुमच्या बिचाऱ्या राउटरचा नाही. आणि गणपतीत चाकरमानी आले की गावातला टॉवर एकटा आणि मोबाईल चौपट. तेव्हा मोबाईल डेटा संथ झाला तर काहीही बंद-चालू करू नका, आरतीला जा. रात्री अकरानंतर मिळेल.

हात लावू नका

चार प्रसंगी रिस्टार्टमुळे नुकसान होतं, म्हणून हे जरा खडसावून सांगतो.

हार्ड डिस्कमधून 'टक... टक... टक' असा आवाज येत असेल, तर प्रत्येक रिस्टार्ट म्हणजे तिच्या उरलेल्या आयुष्यातून एक तुकडा. चालू असेल तर चालूच ठेवा, महत्त्वाच्या फाईली आधी पेनड्राइव्हवर घ्या, फोटो नंतर, गाणी सोडून द्या. चालू होत नसेल तर दहा वेळा बटण दाबू नका.

अपडेट चालू असताना टक्केवारी अर्धा तास एकाच आकड्यावर दिसली तरी बटण दाबून धरू नका. जुन्या मशीनला दोन तासही लागतात. यूपीएसची बॅटरी मेलेली असेल तर ऐन पावसात अपडेटला हातच घालू नका.

पैसे भरताना 'प्रोसेसिंग' वर अडकलं तर मशीन बंद करण्याआधी मोबाईलवर मेसेज बघा. पैसे गेलेत की नाही ते आधी, कॉम्प्युटर नंतर.

आणि भिजलेलं मशीन. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्याला घासून गुजरातकडे गेलं, त्यानंतर माझ्याकडे मशीनांची रांग लागली होती. कौलं उडून, पत्रे उडून पाणी आत आलेलं. लाईट कित्येक दिवस नव्हती, आणि खरं सांगायचं तर ज्यांच्याकडे ती उशिरा आली त्यांची मशीनं वाचली, तोवर ती सुकली होती. ज्यांच्याकडे लवकर आली त्यांनी पहिलं काम केलं ते 'चालू होता काय' बघायचं. त्या उत्साहात मदरबोर्ड जळाले. भिजलेलं मशीन उघडा, लॅपटॉप असेल आणि बॅटरी निघत असेल तर ती काढा, पंख्याखाली दोन-तीन दिवस ठेवा. खारं पाणी शिरलं असेल तर नुसतं सुकवून भागत नाही, मीठ आत राहतं. ते आयसोप्रोपिलने धुऊन काढायला कोणाला तरी द्या.

विजा कडाडत असतील तर रिस्टार्टचा विचारही सोडा, प्लग उपटा. आणि नुसता विजेचा प्लग नको, तांब्याची नेटची केबलही. फायबरच्या काचेतून वीज येत नाही, पण त्याच्या अडॅप्टरमधून येते. वळवाचे दिवस आणि परतीचा पाऊस, या दोन्ही वेळा माझ्याकडे जळके राउटर पिशवीतून येतात.

मला फोन करायचाच झाला तर वही समोर ठेवून करा. "अडाकलो" एवढ्यावरून मला काही सांगता येत नाही, पण "गेले पाच दिवस सकाळी नऊला, पाऊस होता, कोड दर वेळी वेगळा" असं म्हणालात तर निम्मं निदान फोनवरच होतं आणि पेट्रोलही वाचतं, तुमचं-माझं दोघांचं.

वहिनींची वही मी ऑगस्टच्या शेवटी परत चाळली. साफसफाईनंतरच्या सहा आठवड्यांत रिस्टार्टची एकच नोंद होती, ती अपडेटची. त्याखाली मात्र त्यांच्या हस्ताक्षरात आणखी एक ओळ होती: "१४ ऑगस्ट, सकाळी ९.२०. मशीन चालू, लाईट चालू, नेट चालू. साइट बंद. रिस्टार्ट केला नाही."